स्नोबोर्ड व त्याची साधनसामग्री

बर्फाच्छादित उतारावरून घसरत जाण्यासाठी वापरण्यात येणारी एकसंध रुंद फळी व तिच्या जोडीची साधने. स्कीइंगमध्ये प्रत्येक पायास स्वतंत्र पट्टी असून दोन्ही हातांत काठ्या असतात [⟶ स्कीइंग]. स्नोबोर्डिंगमध्ये मात्र दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात व हात मोकळे राहतात. खेळाडू उताराच्या दिशेस शरीराची एक बाजू करून उभा राहतो. शरीराचा भार चवड्यांवरून टाचांवर आणि टाचांवरून चवड्यांवर नेऊन तो फळीची एक वा दुसरी कड बर्फात रुतवितो व त्यायोगे वळतो, वेग आवरतो किंवा थांबतो. स्कीची बंधने जोराने पडल्यास आपोआप सुटतात. स्नोबोर्डची सुटत नाहीत. त्यामुळे पडण्याचा सर्व आघात खेळाडूच्या हातांना, नितंबांना आणि डोक्याला सोसावा लागतो. या खेळात नवशिक्याने निवडलेली साधने ही केवळ सोयीची बाब न राहता सुरक्षिततेची बाब ठरते, ती याच कारणामुळे. आजच्या साधनांतील बहुतेक प्रत्येक भाग पूर्वीच्या एखाद्या उणिवेतून उत्पन्न झालेला असल्याने त्यांची निवड समजून घेण्यास त्यांचा इतिहास उपयोगी पडतो.

पूर्वपीठिका : फळीवर उभे राहून बर्फावरून घसरण्याची कल्पना एकाच ठिकाणी जन्मास आली असे म्हणता येत नाही. तुर्कस्तानच्या ईशान्येकडील रिझे प्रांतातील डोंगराळ खेड्यांत दोरीने व काठीने आवरावयाच्या साध्या लाकडी फळीवरून उतार उतरण्याची जुनी स्थानिक प्रथा आहे. आधुनिक खेळाची परंपरा मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुरू झाली. मिशिगन राज्यातील मस्कीगन येथील शर्मन पॉपेन (१९३०–२०१९) यांनी १९६५ च्या नाताळाच्या दिवशी आपल्या मुलींच्या खेळासाठी दोन स्की शेजारीशेजारी जोडून एक फळी तयार केली. ‘स्नो’ व ‘सर्फर’ या दोन शब्दांच्या संयोगातून त्यांच्या पत्नीने तिला ‘स्नर्फर’ हे नाव दिले. बोलिंग खेळाचे साहित्य बनविणाऱ्या ब्रन्सविक या कंपनीने तिच्या उत्पादनाचे हक्क घेतले आणि स्नर्फर खेळण्यांच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. तिला पाय बांधण्याची कोणतीही सोय नव्हती. पुढच्या टोकास बांधलेली दोरी हातात धरून तोल सांभाळावा लागे व खेळाडू पडला की फळी पायांखालून निसटून जाई. या स्वस्त खेळण्याने मुलांच्या एका पिढीस बर्फावरील तरंगण्याचा आनंद दाखविला. वळणे घेण्याचे नियंत्रण मात्र दिले नाही.

हे नियंत्रण मिळविण्याचे प्रयत्न तीन ठिकाणी स्वतंत्रपणे झाले. टॉम सिम्स (१९५०–२०१२) यांनी १९६३ मध्ये न्यू जर्सी येथील शाळेच्या सुतारकामाच्या तासाला बर्फासाठी एक फळी तयार केली होती. पुढे कॅलिफोर्नियात स्केटबोर्डबरोबरच स्नोबोर्डचेही उत्पादन त्यांनी सुरू केले. यूटा राज्यात दिमित्री मिलोविच यांनी १९७० च्या दशकात लाटांवरील फळीच्या धर्तीवर, दुभंगलेल्या शेपटीची ‘विंटरस्टिक’ ही फळी बनविली. ती खोल व भुसभुशीत बर्फासाठी होती. चौदाव्या वर्षी स्नर्फर हाती आलेले जेक बर्टन कार्पेंटर (१९५४–२०१९) यांनी १९७७ मध्ये व्हर्माँट राज्यात आपला कारखाना काढला आणि लाकडी थरांच्या फळीवर पाय अडकविण्यासाठी पट्टा बसविला. १९७९ मध्ये मिशिगन येथील स्नर्फर स्पर्धेत ते ही पट्ट्याची फळी घेऊन उतरले, तेव्हा इतरांनी आक्षेप घेतला. अखेर त्यांच्यासाठी एक खुला गट निर्माण करावा लागला व तो त्यांनी जिंकला. पाय फळीस बांधलेले असावेत की नसावेत, हा या खेळातील पहिला मोठा वाद होता. त्याचा निकाल पट्ट्याच्या बाजूने लागला आणि खेळण्याचे रूपांतर क्रीडासाधनात झाले.

बंदी व मान्यता : प्रारंभीच्या फळ्यांना पोलादी कडा नव्हत्या. भुसभुशीत बर्फात त्या उत्तम तरंगत. परंतु यंत्राने दाबून कठीण केलेल्या स्की-केंद्रांच्या उतारांवर त्यांना पकड मिळत नसे. अपघात झाल्यास विम्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न, नव्या खेळाडूंच्या तरुण व बेफिकीर वर्तनाविषयीची नाराजी आणि स्कीपटूंचा विरोध यांमुळे बहुतेक केंद्रांनी स्नोबोर्डला मज्जाव केला. परिणामी हे खेळाडू रात्री, हंगाम संपल्यावर किंवा फळी खांद्यावर घेऊन पायी डोंगर चढून खेळत. १९८२ मध्ये व्हर्माँटमधील सुइसाइड सिक्स येथे पॉल ग्रेव्हज यांनी या खेळाची राष्ट्रीय शर्यत भरविली. तिच्यातूनच पुढे ‘यू. एस. ओपन’ ही स्पर्धा विकसित झाली. १९८३ मध्ये सिम्स यांनी कॅलिफोर्नियातील सोडा स्प्रिंग्ज येथे भरविलेल्या स्पर्धेत बर्फाच्या अर्धनळीतील, म्हणजेच हाफपाइपमधील कसरतींचा समावेश होता. त्याच वर्षी व्हर्माँटमधील स्ट्रॅटन या मोठ्या केंद्राने स्नोबोर्डला प्रवेश दिला. काही केंद्रांत तर चेअरलिफ्टचे तिकीट मिळण्यापूर्वी खेळाडूला वळता व थांबता येते की नाही याची परीक्षा द्यावी लागे. १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील केवळ सु. ७ टक्के केंद्रे या खेळास खुली होती.

हे चित्र पालटण्यास साधनांतील सुधारणा मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाल्या. स्कीच्या निर्मितीतील तंत्रे स्नोबोर्डसाठी वापरली जाऊ लागली. पॉलिएथिलिनाचा घसरता तळ, काचतंतूंचे थर आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास पोलादी कडा यांची भर पडली. १९८३ च्या सुमारास जेफ ग्रेल यांनी घोट्यामागे आधार देणाऱ्या उंच पाठीचे बाइंडिंग तयार केले. या पाठीमुळे टाचेकडील कडेवर दाब देणे शक्य झाले व कठीण बर्फावरही फळी ताब्यात राहू लागली. ज्या सुधारणांमुळे कसलेल्या खेळाडूचा वेग वाढला, त्यांच्यामुळेच नवशिक्याला थांबता येऊ लागले आणि स्की-केंद्रांच्या आक्षेपातील मुख्य मुद्दा निकालात निघाला. १९९० च्या दशकात बहुतेक केंद्रे स्नोबोर्डला खुली झाली. यूटामधील अल्टा व डीअर व्हॅली आणि व्हर्माँटमधील मॅड रिव्हर ग्लेन येथील बंदी मात्र टिकून राहिली. अल्टाविरुद्ध २०१४ मध्ये दाखल झालेला दावा फेटाळण्यात आला व २०१६ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम केला.

जपानमधील नागानो येथील १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत स्नोबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला. खेळाचे नियंत्रण स्की महासंघाकडे सोपविल्याच्या निषेधार्थ नॉर्वेचे विख्यात खेळाडू टेर्ये हाकनसेन यांनी या सामन्यांवर बहिष्कार टाकला. त्यानंतर स्नोबोर्ड क्रॉस (२००६), स्लोपस्टाइल (२०१४) आणि बिग एअर (२०१८) हे प्रकार ऑलिंपिकमध्ये आले. प्रकार वाढले तशी त्या त्या प्रकारास अनुरूप अशी साधनेही वेगळी झाली आणि नवशिक्यापुढील निवड अधिक गुंतागुंतीची बनली.

फळीची रचना : आधुनिक फळीचा गाभा बहुधा पॉप्लर, बांबू यांसारख्या लाकडाच्या पट्ट्यांचा असतो. त्याच्या दोन्ही अंगांस राळेत भिजविलेले काचतंतू, खाली पॉलिएथिलिनाचा तळ आणि कडेने पोलादाची पट्टी असते. फळी मध्यभागी अरुंद व दोन्ही टोकांस रुंद असते. या कमरेसारख्या आकारामुळे ती कडेवर कलंडली असता कमानीच्या रेषेत आपोआप वळते. सपाट जागी ठेवली असता मध्यभाग किंचित वर उचलला जाणाऱ्या बाकास कँबर म्हणतात. त्यामुळे कडेची पकड व उसळी वाढते. याउलट मध्यभाग टेकलेला व टोके वर उचललेली असतील, तर त्या बाकास रॉकर म्हणतात. अशा फळीच्या टोकांकडील कडा बर्फात सहजी अडकत नाहीत.

हा फरक नवशिक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फळी आडवी व सपाट घसरत असताना उताराकडील कड एकाएकी बर्फात रुतली, तर फळी जागीच थांबते आणि खेळाडू उताराच्या दिशेने जोराने आपटतो. पहिल्या दिवसांतील बहुतेक वाईट पडणी अशीच घडतात. म्हणून शिकाऊ खेळाडूसाठी सपाट किंवा टोकांस रॉकर असलेली, पिळास व वाकण्यास मऊ अशी फळी सुचविली जाते. काही शिक्षणकेंद्रांतील फळ्यांच्या कडा मुद्दाम किंचित वर तासलेल्या असतात, त्यामागील हेतूही हाच होय. पूर्ण कँबरची कडक फळी वेगाच्या खेळास उपयुक्त असली, तरी शिकणाऱ्याच्या लहानसहान चुकाही ती सहन करीत नाही. दोन्ही टोकांस सारख्या आकाराच्या जुळ्या फळीवरून कोणत्याही दिशेने घसरता येते. त्यामुळे तीही शिकण्यास सोयीची पडते.

लांबी व रुंदी : फळी उभी धरली असता ती हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, असा जुना ठोकताळा आहे. तो स्थूल मानाने उपयोगी असला, तरी फळी वाकते ती उंचीने नव्हे, तर वजनाने. म्हणून निर्माते वजनाची कोष्टके देतात व तीच अधिक विश्वसनीय होत. सु. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस साधारणतः १४५ ते १५२ सेंमी. आणि सु. ७५ किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस १५२ ते १५८ सेंमी. लांबीची फळी योग्य ठरते. नवशिक्याने आपल्या मर्यादेतील आखूड बाजूची फळी घ्यावी. कारण ती वळविण्यास कमी बळ लागते. पुढे वाढेल या अपेक्षेने मुलाला मोठी फळी घेऊन देणे ही नेहमी घडणारी चूक होय. अशी फळी मुलाच्या वजनाने वाकतच नाही व शिकणे लांबते.

रुंदीचा संबंध बुटाच्या मापाशी असतो. बूट फळीच्या दोन्ही कडांबाहेर थोडा डोकावणे इष्ट असते, कारण त्यामुळे कडेवर जोर देता येतो. परंतु तो फार बाहेर आल्यास वळताना बोटे किंवा टाच बर्फात घासते व कड सुटते. पुरुषांच्या साध्या फळ्यांची कंबर सु. २५ सेंमी. रुंद असते. पावलाची लांबी सु. २९ सेंमी. किंवा अधिक असल्यास रुंद वर्गातील फळी घ्यावी लागते. प्रारंभीची बरीच वर्षे सर्व फळ्या पुरुषांच्या मापाच्या असल्याने स्त्रियांना रुंद फळी आणि सैल बूट यांवरच शिकावे लागे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अरुंद कमरेच्या, कमी वजनास वाकणाऱ्या अशा खास स्त्रियांच्या फळ्या बाजारात आल्या. शिकताना येणाऱ्या अडचणींचे मूळ पुष्कळदा शिकणाऱ्यात नसून साधनाच्या मापात होते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

बूट : सर्व साधनांत प्रथम निवडावयाचे साधन म्हणजे बूट. फळी भाड्याची किंवा जुनी असली तरी चालते; बूट मात्र मापाचाच हवा. पायाने केलेली प्रत्येक हालचाल बुटातूनच फळीपर्यंत पोहोचते व सैल बुटात ती वाटेतच विरून जाते. पावलाची लांबी सेंमी.मध्ये मोजण्याची पद्धत सर्वत्र चालते. टाच भिंतीला टेकवून कागदावर अंगठ्यापर्यंतचे अंतर घेतल्यास माप मिळते. बूट घालून सरळ उभे राहिले असता बोटांना पुढील भागाचा हलका स्पर्श व्हावा, गुडघे वाकविल्यावर बोटे किंचित मागे सरावीत आणि चवड्यांवर उभे राहिले तरी टाच उचलली जाऊ नये, ही चांगल्या बुटाची लक्षणे होत. बूट घालून दुकानातच दहा-पंधरा मिनिटे वावरणे उपयुक्त ठरते. नवा बूट वापराने थोडा सैलावतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. मोजा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, पातळ व एकच असावा. सुती मोजा घाम धरून पाय गार करतो. बूट आवळण्यासाठी साध्या नाड्या, ओढनाड्या किंवा एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आलेली चकतीने तार गुंडाळण्याची पद्धत असते. नवशिक्यास मऊ ते मध्यम कडकपणाचा बूट हितावह असतो.

बाइंडिंग : बूट फळीस जखडणाऱ्या बंधास बाइंडिंग म्हणतात. सर्वाधिक रूढ प्रकारात पायाच्या बोटांवर व घोट्यावर एकेक पट्टा आणि पोटरीमागे उंच पाठ असते. १९९० च्या दशकात खटक्याने अडकणाऱ्या बंधांचे अनेक प्रकार निघाले. खाली साचणारा बर्फ आणि बुटांचा कडकपणा यांमुळे त्यांपैकी बहुतेक मागे पडले. २०१७ पासून सुधारित स्वरूपात असे बंध पुन्हा रूढ होऊ लागले; त्यांना जुळणारेच बूट घ्यावे लागतात. बाइंडिंग फळीच्या भोकांच्या मांडणीस जुळते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहणे आवश्यक असते. कारण सर्व निर्मात्यांची मांडणी सारखी नसते.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्यास ‘रेग्युलर’ व उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यास ‘गूफी’ अशा संज्ञा लाटांवरील खेळातून आल्या आहेत. गुळगुळीत जमिनीवर मोजे घालून धावत येऊन घसरताना जो पाय सहज पुढे जातो, तो बहुधा पुढचा मानला जातो. दोन पायांतील अंतर खांद्यांच्या रुंदीइतके किंवा थोडे अधिक ठेवतात. आरंभी पुढील पाय सु. १५ अंश बाहेर व मागील पाय सु. ६ ते ९ अंश विरुद्ध दिशेस वळविलेला असा कोन सोयीचा पडतो. त्यामुळे गुडघ्यांवर पीळ येत नाही.

संरक्षक साधने : नवशिक्या पडतो तो बहुधा पसरलेल्या हातांवर, त्यामुळे मनगटाचे अस्थिभंग ही या खेळातील अगदी ठरावीक दुखापत आहे. नॉर्वेत ५,०२९ स्नोबोर्डपटूंवर झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगटरक्षक वापरणाऱ्या गटात मनगटाच्या ८, तर न वापरणाऱ्या गटात २९ दुखापती आढळल्या. मनगटरक्षकाची किंमत फळीच्या मानाने क्षुल्लक असते. असे असूनही पहिल्या खरेदीत तेच वगळले जाते, ही खेदाची गोष्ट होय. पडताना हात पसरण्याऐवजी मुठी मिटून बाहूंवर भार घेण्याची सवय शिक्षक प्रथमपासून लावतात. मागे पडल्यास डोक्याचा मागील भाग आपटतो, म्हणून बर्फावरील खेळांसाठी प्रमाणित केलेले हेल्मेट आवश्यक असते. सायकलीचे हेल्मेट मागील भाग पुरेसा झाकत नाही. नितंब व गुडघे यांसाठी गादीचे आच्छादन मिळते व पहिल्या काही दिवसांत त्याचा विशेष उपयोग होतो.

पोशाख तीन थरांचा असतो. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला ऊब राखणारा व बाहेरचा पाणी आणि वारा अडविणारा असतो. शिकणारा बराच वेळ बर्फात बसलेला किंवा गुडघे टेकलेला असल्याने त्याची विजार कसलेल्या खेळाडूच्या विजारीपेक्षाही अधिक जलरोधक असावी लागते. हिमप्रदेशात अतिनील किरण बर्फावरून परावर्तित होतात. म्हणून त्यांस अडविणारा चष्मा वापरतात. ढगाळ हवेत पिवळसर वा गुलाबी काचेतून उतारावरील उंचसखलपणा स्पष्ट दिसतो.

भाडे व खरेदी : पहिले काही दिवस साधने भाड्याने घेणे श्रेयस्कर होय. कोणता पाय पुढे, किती कडकपणा मानवतो, खेळ पुढे चालू ठेवावयाचा की नाही, हे त्या काळात कळते. त्यानंतर बूट, मग बाइंडिंग व शेवटी फळी असा खरेदीचा क्रम योग्य ठरतो. जुनी फळी घेताना कडा तुटलेल्या वा निखळलेल्या नाहीत, थर सुटलेले नाहीत आणि तळावरील ओरखडा गाभ्यापर्यंत पोहोचलेला नाही, हे पाहावे. फळीच्या तळास वेळोवेळी गरम मेण लावावे लागते. पूर्वी वेगासाठी वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त मेणे आरोग्यास व पर्यावरणास घातक ठरल्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०२३-२४ च्या हंगामापासून त्यांवर बंदी आहे.

भारत : भारतात हा खेळ मुख्यतः जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलांग येथे खेळला जातो. सु. २,६५० मी. उंचीवरील गुलमर्ग येथे १९९८ मध्ये रज्जुमार्गाचा पहिला टप्पा व २००५ मध्ये अफरवट शिखराच्या बाजूस सु. ३,९५० मी. उंचीपर्यंत जाणारा दुसरा टप्पा सुरू झाला. २०२० पासून तेथे भरणाऱ्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डिंगचाही समावेश झाला. महाराष्ट्रात हिमाच्छादित उतार नसल्याने येथील होतकरू खेळाडूंना शिक्षणासाठी हिमालयातच जावे लागते. एवढ्या दूरच्या व थोड्या दिवसांच्या प्रवासात अयोग्य मापाच्या बुटाने वा पहिल्याच दिवशी मोडलेल्या मनगटाने संपूर्ण संधी वाया जाऊ शकते. अफरवटचे वरचे उतार दाबून तयार केलेले नसून हिमलोटांच्या मार्गातील आहेत. २०२३ मध्ये तेथे हिमलोटाखाली दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. अशा उतारांवर शोधसंदेशक, फावडे व शोधकाठी ही साधने आणि ती वापरण्याचे शिक्षण असल्याखेरीज जाणे धोक्याचे असते. नवशिक्याची जागा खालच्या, सौम्य व दाबलेल्या उतारांवरच असते.

स्नर्फरची दोरी, कार्पेंटर यांचा पट्टा, पोलादी कड आणि उंच पाठ या क्रमाने झालेल्या प्रगतीत प्रत्येक पायरीवर फळीवरील नियंत्रण वाढत गेले. हे नियंत्रण ज्या साधनसंचात नवशिक्यास सर्वांत लवकर लाभते, तोच त्याच्यासाठी उत्तम होय; महागडेपणा वा नामवंत खेळाडूंची पसंती हे त्याचे गमक ठरत नाही.